भलत्या दिशेची वाट

ब्लाझेनाने खांद्याने फोन कानाशी दाबून धरला होता आणि थोरल्या बहिणीची कुरकूर ऐकता ऐकता ती संगणकावर उद्यासाठी गॅसच्या पाइपलाइनमधली जागा घेत होती.

"दरवर्षी डुक्कर माझ्याच अंगणात कापायचं, सॉसेज मीच भरायचे, आणि खायला तुम्ही सगळे हजर!" ओतिलिया तिकडून कडाडली. "यंदा तुझ्याकडे ठेव."

"अगं ताई, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. डुक्कर काय लिफ्टने आणू?"

"मग निदान कांदे चिरायला तरी ये!"

"येते बाई, येते!" म्हणत ब्लाझेनाने पडद्यावरचं बोलीचं बटण दाबलं, फोन ठेवला आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

दक्षिण स्लोवाकियातल्या एका काचेच्या कारखान्यासाठी गॅस आणणं हे तिचं काम. सकाळीच तिने पलीकडे हंगेरीत स्वस्त गॅस विकत घेऊन ठेवला होता. पण गॅस घेतला म्हणजे तो घरी आला असं नाही. सीमा ओलांडायची तर नळीतली जागा लिलावात घ्यावी लागते, आणि लिलाव एकदा बंद झाला की बोली मागे घेता येत नाही. सगळ्या युरोपात हाच नियम.

निकाल पडद्यावर आला. मागितली तेवढी सगळी जागा मिळाली होती. स्लोवाकियातून हंगेरीकडे.

ब्लाझेनाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. गॅस हंगेरीत, भट्टी स्लोवाकियात, आणि वाट मात्र इकडून तिकडे जाणारी! भट्टी निवली तर आतली काच दगडासारखी थिजणार, आणि मग ती काढायला भट्टीच फोडावी लागणार.

तिने घाईघाईने हंगेरीतून इकडे येणारी जागा शोधली. नळीच्या दुरुस्तीमुळे मुळात थोडीच होती, तीही कुणीतरी सगळीच्या सगळी उचलली होती. इथल्या इथे दुसरा गॅस घ्यावा, तर थंडीच्या लाटेत कुणी विकायला तयार नाही. शेवटी तिने पाइपलाइन कंपनीला फोन लावला.

"ताई, दिशा तेवढी फिरवून द्या ना. जागा तेवढीच, नळी तीच!"

"बाई, तुमच्यासाठी फिरवली तर सगळ्यांसाठी फिरवावी लागेल," पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "नको असेल तर विकायला ठेवा. कुणाला तरी लागेल."

कुणाला लागणार होती? तरी तिने जागा विकायला ठेवली आणि कारखान्याचे संचालक ल्याश्को यांना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"तुम्ही हंगेरीकडची जागा विकताय?" पलीकडचा पुरुष हंगेरियनमध्ये बोलत होता. आवाजात रडू की आनंद, कळेना. "मी बोल्डिझार. आमच्या सहकारी संघाची मिरचीची काचघरं आहेत, गॅसवर ऊब दिलेली. गॅस तुमच्या देशात घेऊन ठेवलाय आणि जागा घेतली ती... कसं सांगू... तुमच्याकडे येणारी."

ब्लाझेना खुर्चीतून उठलीच. "म्हणजे माझी वाट अडवून बसलेला तो गाढव तुम्ही!"

"आणि तुम्ही, बाईसाहेब?"

"मी गाढवीण. बोला, अदलाबदल करायची?"

दोघांनी झटपट अर्ज टाकले. दोन्ही परत आले. जागांच्या अदलाबदलीची आजची मुदत नुकतीच संपली होती.

"संपलं," बोल्डिझार हताश झाला. "रोपं अजून बोटाएवढीसुद्धा नाहीत हो. उद्या गॅस नसला तर माना टाकतील."

ब्लाझेनाने कागदावर सीमेची रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंना एकेक फुली मारली. मग हळूच म्हणाली, "काका, तुमचा गॅस कुठंय?"

"सांगितलं ना. तुमच्याकडे."

"आणि माझा?"

"मला काय ठाऊक?"

"तुमच्याकडे! अहो, मग तो हलवायचा कशाला? माझा तुम्ही जाळा, तुमचा मी जाळते."

 बोल्डिझार इतक्या मोठ्याने हसला की तिने फोन कानापासून लांब धरला. आपापल्या देशात गॅसची मालकी बदलायला वेळ शिल्लक होता. कॉफी निवायच्या आत काम झालं.

दुसऱ्या दिवशी पाइपलाइन कंपनीच्या त्याच गोड आवाजाचा फोन आला. "बाई, काल एवढ्या गयावया करत होतात, आणि तुमच्या जागेतून फुंकरसुद्धा गेली नाही! तिकडून येणाऱ्या जागेचंही तेच. आमचा माणूस बर्फातून जाऊन मीटर ठोकून आला. काही बिघाड नाही ना?"

"छे हो! सगळं छान चाललंय," ब्लाझेना म्हणाली.

फोन ठेवून ती भट्टीकडे गेली. ल्याश्को निळ्या काचेतून आत डोकावत होते.

"या, या! बघा तरी," ते खुशीत म्हणाले. "हंगेरीचा गॅस लगेच ओळखू येतो. आपल्या गॅसला ही धग नाही!"

ब्लाझेनाने वाकून ज्वाळा नीट न्याहाळली.

"खरंय, साहेब," ती म्हणाली. "जरा तिखटच असतो तो."