बहरीनहून झांजीबारला

१९३५ च्या सुमारास हसनचाचांना मी विमानाच्या प्रवासाचा चुकीचा हिशेब सांगितला आणि त्यांनी तो सगळ्या आगरदांड्याला वाटला. चूक माझी होती, हे आधीच कबूल केलेलं बरं.

चाचा आमच्या गावचे तांडेल. आगरदांड्याहून खाडीपलीकडे दिघीला शिडाच्या होडीतून माणसं पोचवण्यात जन्म गेला. त्यामुळे ते जगातली प्रत्येक गोष्ट दिघीत मोजत. भात शिजायला एक दिघी. मुरूडचा बाजार दोन दिघी. शाळेच्या बक्षीस समारंभात मी भाषण ठोकलं, तर म्हणाले, "मास्तर, तीन दिघी बोललात. होडी असती तर मानसांनी पान्यात उड्या टाकल्या असत्या!" एका दिघीची नेमकी मिनिटं विचारली की उसळत, "वारा धरून सांगू की न धरता?"

त्यांचा थोरला मुलगा झांजीबारला लवंगेच्या पेढीवर होता. धाकट्या इस्माईलला बहरीनला तेलाच्या कामावर बोलावणं आलं होतं, पण चाचा त्याला सोडत नव्हते. चाची वारल्यापासून घरात दोघंच, म्हणून असेल, असं मला वाटे.

एक दिवस ते शाळेत आले. "मास्तर, बहरीन बेट, झांजीबार पन बेट. दोन्हीकडं विमान उतरतं म्हनतात. एका बेटावरनं दुसऱ्यावर किती वेळ?"

मी नकाशावर दोरा ताणला. "अडीच हजार मैल. विमान तासाला शंभर मैल जातं. एक दिवस, एक रात्र, वर तासभर." स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

त्याच संध्याकाळी इस्माईलला परवानगी मिळाली. धक्क्यावर चाचा भेटेल त्याला ऐकवू लागले, "आज न्याहारी बहरीनला, उद्याची झांजीबारला! म्हंजे शेजारची आळीच."

"आणि भाडं हो, चाचा?" कुणीतरी विचारलं.

"उतरल्यावर देतील!"

इस्माईल शुक्रवारी निघणार होता. मंगळवारी माझा मेव्हणा आला. तो मुंबईत विमानं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात मिस्त्री. माझा हिशेब ऐकून तो हसत सुटला. "भावोजी, रात्री ती विमानं मुक्कामाला उतरतात. शिवाय बहरीनहून झांजीबारला सरळ वाटच नाही. आधी वर इजिप्तला जायचं, मग आफ्रिकेतून खाली यायचं. चांगला आठवडा धरा."

तरी मी गप्प बसलो. चाचांचा आनंद मोडवेना, हे खरं. पण मास्तरकी मोडवेना, हे जास्त खरं.

गुरुवारी संध्याकाळी अखेर गेलो. ओटीवर इस्माईलची पेटी बांधून तयार होती. तो शेजारीच दोरी आवळत होता. मी सगळं सांगितलं.

"तुम्ही एकटे पडाल, त्याला थांबवायचं असेल तर अजून..." मी म्हणालो.

"माझं काय? मला अख्खा गाव हाय. तिकडं त्या दोघांना एकमेकांबिगर कोन हाय?" त्यांनी पेटीची गाठ ओढून बघितली. मग हळूच म्हणाले, "आठवडा. म्हंजे मयताला माती द्यायला न्हाय पोचायचा. पन भाऊ आजारी पडला, तर पेज पाजायला पोचेल." त्यांनी इस्माईलच्या पाठीवर हात ठेवला. "जा, पोरा."

माझ्याच्याने उठवेना. म्हणालो, "चाचा, मी नकाशा मोजला, वाट विचारली नाही. आणि कळल्यावर दोन दिवस तोंड लपवलं. इस्माईल, तूही ऐक. माझं चुकलं. मला माफ करा."