मुकादमीण गेली कुठे?

जगात असा एकही तंटा नाही जो फीत लावून मोजल्यावर सुटत नाही, असं माझं ठाम मत होतं. ‘होतं’ म्हणतोय, याची नोंद घ्या. सव्वीस वर्षं मी मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या. एकमेकांचा गळा धरायला निघालेले भाऊ खुंट्या ठोकल्यावर शेजारी बसून चहा पिताना पाहिलेत. त्यामुळे शेजारच्या दोन कुत्र्यांनी आमच्या कोंबड्यांवर डोळा ठेवला, तेव्हा मी बायकोला म्हटलं, तू निश्चिंत राहा, आठवड्याच्या आत निकाल लावतो.

आमच्या मागच्या अंगणात तीन कोंबड्या, एक कोंबडा आणि मुकादमीण. मुकादमीणही तशी कोंबडीच, पण तिला इतरांत धरता येत नाही. दाणे टाकले की आधी ती खाणार, मग बाकीच्यांना परवानगी. कोंबडासुद्धा तिला विचारल्याशिवाय आरवत नाही. मी फुलझाडांना पाणी घालताना ती मागे उभी राहते, आणि मला उगाच वाटतं की आपलं काहीतरी चुकतंय. माझा तिच्यावर फार जीव.

या सगळ्यांना मोकळं सोडायचं हा हट्ट माझा. खुराड्यात कोंडलेली कोंबडी ही काय कोंबडी! बायकोचं म्हणणं उलटं. तिनं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, एक जरी कोंबडी दगावली तरी उरलेल्या सगळ्या माझ्या भावाकडे जातील. आता, माझ्या मेव्हण्याकडे गेलेली कोंबडी पुन्हा भेटते ती थेट ताटात. म्हणजे प्रश्न पाची जिवांचा होता.

कुत्रे शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे. त्या दातांच्या डॉक्टर, दवाखाना घरातच पुढच्या खोलीत. दोन्ही कुत्रे वासराएवढे. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो. एका सकाळी दोघे आमच्या अंगणात हजर! कोंबड्या पंख झाडत धुण्याच्या दगडावर चढल्या. कुत्रे भुंकले नाहीत, धावले नाहीत, जिन्याखाली जाऊन मुकाट पडून राहिले. मला यातच काळंबेरं दिसलं. टपून बसलेत लेकाचे, मी बायकोला म्हटलं. बादली वाजवली, काठी आपटली, दोघे फक्त कान पाडून माझ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी जेवायच्या वेळेला ते आपले आपण परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, छे हो, माझे कुत्रे कुठे जात नाहीत, त्यांना सुतारानं बांधलेलं स्वतंत्र घर आहे. शिवाय मुकादमिणीनं अंडी घालणं बंद केलं. भीतीनं आटली असणार बिचारी!

पण हे दोघे आत येतात कुठून? मला याची झोप उडवणारी उत्सुकता लागली. कुंपण मोजलं, त्रेचाळीस मीटर. एकच फट सापडली, गटाराजवळ जाळी उचकटलेली, बावीस सेंटिमीटर रुंद, अठरा उंच. आता थोरल्याच्या छातीचा घेर कळला की झालं.

पण घेर घ्यायचा कसा? संध्याकाळी दवाखान्याच्या ओसरीवर गेलो. थोरला पसरला होता. मी गुडघ्यांवर बसलो, हळूच फीत पोटाखालून सरकवली आणि आकडा वाचला तोच दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय शोधताय? दात दुखतोय, म्हणालो.

त्या कामाला चोख बाई. मला आत नेलं, खुर्चीत बसवलं, तोंडात दिवा घातला आणि म्हणाल्या, बरं झालं आलात, ही दाढ पार गेलीय. मी हातांनी नाही नाही म्हणत होतो, त्यांना वाटलं घाबरलोय. वीस मिनिटांनी मी गालात कापूस धरून घरी आलो. न दुखणारी दाढ गेली आणि जबडा दुखायला लागला. पण घेर मिळाला होता, एक्क्याऐंशी सेंटिमीटर. त्या फटीतून थोरल्याचं डोकं गेलं असतं तरी बाकीचा पलीकडेच राहिला असता. म्हणजे ते वरून उडी मारतात, हे सिद्ध झालं. मी दोन दिवस खपून कुंपणावर फूटभर जाळी चढवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघे जिन्याखाली.

बायकोनं फक्त भावाला फोन करून सहज विचारलं, की तुझ्या खुराड्यात जागा किती आहे. आता शेवटचा उपाय काढला. पाया आखताना आम्ही जमिनीवर पांढरी फक्की मारतो, तशी फक्कीची पोती आणली आणि संध्याकाळी, कोंबड्या परतायच्या आधीच, कुंपणाच्या आतून सगळीकडे पसरली. पाऊल कुठलंही पडो, उमटणारच!

सकाळी पाहतो तर नकाशाच तयार. चार पंजांच्या दोन रांगा थेट फाटकातून आत आलेल्या. फाटकातून! कडीला लाळ लागलेली, म्हणजे थोरला नाकानं कडी उचलत होता. मी त्रेचाळीस मीटर कुंपण मोजलं आणि फाटक तेवढं सोडून दिलं होतं. अजून एक माग होता, कोंबडीच्या तीन बोटांचा, अंगणातून गटाराजवळच्या फटीकडे गेलेला. मी तो कागदावर उतरवून घेत होतो, तेवढ्यात बायकोचा आवाज आला.

“अहो, चारच आहेत.”

मी मोजलं. पुन्हा मोजलं. मुकादमीण नव्हती. धुण्याच्या दगडामागे पाहिलं, पिंपात पाहिलं, तुळईवर पाहिलं. एक पीस नाही, रक्ताचा थेंब नाही. जिन्याखाली दोन गुन्हेगार झोपलेले. बायकोचे डोळे भरून आले. खुराड्याबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मी नकाशाची गुंडाळी घेऊन तडक दवाखान्यात शिरलो, मागोमाग बायको. खुर्चीत एक शिंपी तोंड उघडून बसला होता. मी त्याच्या पोटावर नकाशा पसरला आणि पुरावा मांडला. जीव वाचवायला ती फटीतून तुमच्या हद्दीत पळाली, आणि तिथं तुमच्या कुत्र्यांनी डाव साधला. शिंप्यानं मान वळवून नकाशा पाहिला. त्याला पटलेलं दिसलं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं अवजार खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज कापत होता. म्हणाल्या, “मीच तुमच्याकडे येणार होते. बारा दिवस झाले, दोघं स्वतःच्या घरात पाऊल टाकत नाहीत. दाराशी उभे राहून रडतात. तुम्ही काही केलंत का त्यांना?”

मी काय करणार! पण प्रश्न डोक्यात शिरला. बारा दिवस म्हणजे ते आमच्याकडे यायला लागले तेव्हापासून. घरात असं काय आहे? आम्ही तिघं परसात गेलो. शिंपीही आला, छातीवर फडकं तसंच.

कुत्र्यांचं घर चांगलं ऐसपैस होतं. मी वाकून आत डोकं घातलं. अंधारात काहीतरी फुगलं, आणि माझ्या नाकावर असा टोचा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मुकादमीण! सुतारानं बांधलेल्या घरात, कुत्र्यांच्या गोधडीवर, नऊ अंड्यांवर बसलेली. बारा दिवस बाई फटीतून येऊन इथं अंडी घालून जात होती आणि मालकांना चोचीनं हाकलत होती. रात्रीपासून तर ती खुडूक होऊन अंडी उबवायलाच बसली होती. ते दोघे बिचारे टपून बसले नव्हते, बेघर होऊन आमच्या आश्रयाला आले होते.

बायको रडता रडता हसायला लागली. “तुम्ही ती फट कुत्र्याला पुरते का ते मोजलंत,” ती म्हणाली, “कोंबडीला पुरते का ते?”

मी नाक चोळत राहिलो. शिंप्यानं मात्र हो हो अशी मान हलवली.

खुडूक कोंबडीला हलवलं तर ती अंडी टाकते, त्यामुळे पिल्लं निघेपर्यंत मुकादमीण तिथंच राहणार असं ठरलं. बायकोनं भावाला पुन्हा फोन करून जागा नको म्हणून कळवलं. कोंबड्या राहिल्या, आणि मोकळ्याच राहिल्या. कुत्रे तोवर आमच्याकडे.

पण उरलेल्या तीन कोंबड्यांना एव्हाना कळून चुकलंय की हे दोघे उलटून काही करत नाहीत. काल धाकट्याच्या शेपटीला रक्त आलं. तेव्हा सध्या मी जिन्याखाली पिंजरा बांधतोय. कुत्र्यांना आत सुरक्षित राहता यावं म्हणून. माप अगदी काटेकोर घेतलंय. बायको म्हणते, वरूनही जाळी लावा, कोंबड्या उडतात.