घोरपडेकाकांचा न संपणारा ट्रॅक्टर

माझा नवरा सुधीर एकदा छातीत दुखतंय म्हणून सोफ्यावर आडवा झाला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे घोरपडेकाका धावत आले ते हातात लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन. त्याचं टोक त्यांनी सुधीरच्या छातीवर टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसले. "इंजिन ओके हाय," ते म्हणाले, "खालच्या टाकीत गॅस झालाय." दवाखान्यात डॉक्टरांनीही अ‍ॅसिडिटीच सांगितली. तेव्हापासून बिल्डिंगमधलं काहीही बिघडलं की आधी काकांना बोलावणं जायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आखातात, फुजैराच्या बंदरावर एका ऑइल टर्मिनलमध्ये काका पंप सांभाळायचे. माणूस मूळचा सांगलीचा. मुलांच्या शिक्षणासाठी काकू मुलांना घेऊन गावी परतल्या आणि काका वन बेडरूममध्ये एकटे उरले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "खोलून बघू की!" मिक्सर अडला, खोलून बघू की. आमच्या रोहनच्या दप्तराची चेन अडकली, खोलून बघू की. एकदा माझं आणि सुधीरचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं, तर हे दारात उभे. "वहिनी, मनात ठिवू नका, खोलून बघा की." भांडण बाजूलाच राहिलं, आम्ही दोघं त्यांच्यावर उखडलो.

पण खरं वेड बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरांचं. सीटवर बसून गवत कापायचे छोटे ट्रॅक्टर असतात ना, ते. आता फुजैरात गवत कुठलं बाई? आमच्या गल्लीत हिरवं म्हणजे मलबारी ग्रोसरीतली कोथिंबीर. पण गोरे साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाले की व्हिलात हे जुनाट ट्रॅक्टर टाकून जायचे आणि काका ते उचलून आणायचे. बिल्डिंगमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बनियनवर बसून गंज खरवडायचे, नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजत घालायचे, लाल रंग मारायचे. चालू झाला की कुठल्या तरी नर्सरीला देऊन मोकळे.

ह्या उद्योगात माझ्या संसाराचाही हातभार होता. श्रीखंडाचे डबे नट ठेवायला गेले. "वहिनी, कॉर्नफ्लेक्स संपले का?" असं ते आठवड्याला विचारायचे, कारण त्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं, इंजिनच्या सांध्यात बसवायचं गॅस्केट फस्क्लास होतं म्हणे. माझ्या जुन्या सोफ्याचं रेक्झिन तर एका ट्रॅक्टरची सीट होऊन गेलं. त्या सोफ्यावर माझा जीव होता, पण विचारतंय कोण!

सगळे ट्रॅक्टर येऊन गेले, एक मात्र हलेना. तो होता अबू सैफने दुरुस्तीला आणून टाकलेला. अबू सैफ म्हणजे डोंगराकडच्या वाडीतला म्हातारा शेतकरी, खजूर आणि आंब्याची बाग असलेला. बायको वारलेली. दर शुक्रवारी नमाज आटोपून तो यायचा, गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन. पालथ्या बादलीवर बसायचा आणि विचारायचा, "खलास?"

"नहीं शेख, कार्बोरेटर में कचरा है. अगले जुम्मा, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," असं म्हणून अबू सैफ गहवा ओतायचा. मग दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत गप्पा मारायचे. हा सांगायचा खजुराचं, ते सांगायचे हळदीचं. ह्या कार्यक्रमाला तीन वर्षं होत आली होती. सुधीर वैतागून म्हणायचा, "एवढाले पंप चालवतो हा माणूस, एक कार्बोरेटर साफ होत नाही?"

एका गुरुवारी दुपारी रोहन किचनच्या खिडकीतून ओरडला, "ममा, अंकल्स ट्रॅक्टर इज वर्किंग!" बघते तर काय, काका लुंगी खोचून ट्रॅक्टरवर स्वार आणि गंभीर चेहऱ्याने अंगणात चकरा चालल्यात. इंजिन कसं सुरेल चाललेलं. मग ते उतरले, स्पार्क प्लग काढला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी अबू सैफला पुन्हा तेच, कार्बोरेटर!

म्हातारा गेल्यावर मी कॉर्नफ्लेक्सचं रिकामं खोकं घेऊन तडक खाली उतरले. "काय हो काका, काल तर मस्त पळत होता!"

"हळू बोला वहिनी." काकांनी इकडेतिकडे बघितलं. "चालू झाला की घिऊन जाणार तो. मग परत कशाला येतोय? तुम्ही जेवायला बोलावता, मी येतो. पण ते तुमचं घर. शुक्रवारी माझ्याकडं म्हणून येणारं हेच एक माणूस हाय."

मी आपली खोकं ठेवून वर आले.

पुढे काका साठीचे झाले. कंपनीने निरोप दिला, व्हिसा कॅन्सल, शनिवारची फ्लाइट. सामान बांधून झालं, उरला ट्रॅक्टर. काकांचं जेवण सुटलं. "घरी जायचा आनंद हाय हो," ते म्हणाले, "पण त्याला कुठल्या तोंडानं सांगू? फसवलं म्हणंल. जाता जाता दोस्त गमवायचा का?"

शेवटच्या शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये उभे. काका जाणार हे अबू सैफला कळलं होतं, तो आज ट्रॅक्टर न्यायला भाड्याचा पिकअपवाला घेऊन आला होता. मी सरळ खिडकी उघडून ऐकत होते, लाज कसली त्यात. काकांनी प्लग बसवला, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन धडधडलं.

"शेख, ये बहुत टाइम से चालू है," काका खाली मान घालून म्हणाले. "मैं झूठ बोला."

"मालूम," अबू सैफ म्हणाला. "एक बार मैं खमीस को आया." खमीस म्हणजे गुरुवार. "गली में आवाज सुना, तुम चक्कर मारता था. मैं गाडी घुमाया, वापस गया."

काकांनी मान वर केली. "फिर लेके क्यों नहीं गया?"

"लडका लोग बडा ट्रॅक्टर लाया. ये मेरे को क्या काम?" म्हातारा बादली ओढून खाली बसला. "ये लेके जाएगा, तो जुम्मा को मैं किधर जाएगा?"

काकांनी इंजिन बंद केलं. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मी खिडकीतून बाजूला झाले. खालून अबू सैफचा आवाज आला, तो पिकअपवाल्याला सांगत होता, "यल्ला, तुम जाओ. मगरिब के बाद आना."