गुणवंतरावांचं काळं बोट

"मशीन नाई, सुई नाई! औषधाचा एक थेंब लावला का बस!" असं छातीठोक सांगत गुणवंतरावांनी नातीला, म्हणजे दिव्यानीला, अंगणवाडीतल्या दातांच्या शिबिरात आणलं. उद्या ग्रामपंचायतीचं मतदान, बायको इंदुताई वॉर्डातून उभी. तरी आजोबा नातीसाठी वेळ काढतो, हे गावाला दिसायला नको?

पाच वर्षांच्या दिव्यानीने मात्र तोंड मिटलं ते मिटलंच.

"चांदीचं औषध आहे बेटा," डॉक्टर कहकशाँ म्हणाल्या. "कीड काळी पडते, न तिथंच थांबते."

"मी दाखवतो!" गुणवंतरावांनी डाव्या हाताचं बोट सरळ वाटीत बुडवलं.

"भाऊ, काऊन हात लावला? काळा डाग पडते!"

"पडू द्या! पाह्य बेटा, काई झालं काय मले?"

दिव्यानीने आ केला. औषध लागलं, पोरगी हसत घरी गेली. संध्याकाळपर्यंत बोट काळंकुट्ट!

सकाळी आपल्या मोहल्ल्यातली चाळीस माणसं गोळा करून गुणवंतराव मतदानाच्या रांगेत सर्वांत पुढे उभे राहिले. अधिकाऱ्याने बोट पाहिलं.

"तुमचं मतदान झालंय."

"कुठी झालं? आत्ता त दार उघडलं!"

"मग दुसऱ्या गावात करून आलात. शाई दिसतेय."

"औषध हाये साहेब! दातांचं!"

"बोटाला दात आहेत?"

रांग खो खो हसली. गुणवंतराव पेटले. "नवऱ्याचंच मत बायकोले नाई भेटलं, त गाव तोंडात शेण घालन!" म्हणत ते टेबलासमोर ठाण मांडून बसले. होमगार्ड त्यांचा भाचा, तो मामाला कशाला उठवतो! पुरावा म्हणून दिव्यानीला आणवलं. तिने आ केला. काळी दाढ पाहून अधिकारी म्हणाला, "हिनेही मत दिलं?"

शेवटी निरोप धाडल्यावर तालुक्याच्या गावाहून, कोरपन्याहून, डॉक्टरबाईच स्कूटीवर आल्या. "साहेब, शाईतही चांदी, औषधातही चांदी! दोन्हीनं बोट काळंच पडते!" अधिकाऱ्याने हात जोडले आणि शेजारच्या बोटाला शाई लावली.

दीड तासाने गुणवंतराव मत देऊन छाती पुढे काढून बाहेर आले, तर मागे रांगच नाही!

"उभे राहून राहून कंटाळले मामा," भाचा म्हणाला. "कापूस वेचाले गेले. सांजी येतो म्हणाले."

काही आले. अकरा जण आलेच नाहीत.

निकाल लागला. इंदुताई सात मतांनी पडल्या.

"पण माह्यं मत पडलं न!" गुणवंतराव हळूच म्हणाले.

"पडलं न! एक टाकलं, अकरा घालवले," इंदुताईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे आदळला. "पुढच्या खेपेले तुम्ही घरीच बसजा. तेवढ्यानंच येईन मी निवडून!"