बिशानच्या मराठ्यांनी बिष्णुपुरावर केलेल्या स्वारीची हकिकत

श्रीमंगलमूर्ती साक्ष. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी सिंगापूर प्रांती बिशान ठाण्यात अकराव्या मजल्यावर जे घडले आणि त्यापायी बंगाल्यात जी शर्थ जाहली, ते वर्तमान जैसे कानी आले तैसे लिहिले असे. पदरचे तिळमात्र घातले नाही, कारण मुळातच नामुष्की मुबलक होती.

राजश्री धैर्यशीलराव मूळचे पुणेकर, हल्ली जुरोंग आयलंडावरील रिफायनरीत इंजिनियर. नित्य सकाळी गळ्यात पास अडकवोन कंपनीच्या बसवर आरूढ व्हावे आणि सायंकाळी परतोन कन्या जाई हिचा गृहपाठ पाहावा, ऐसा शिरस्ता. एके दिवशी 'आमचे पूर्वज' या विषयाखाली दृष्टी गेली, तो तेथे "माय अँसेस्टर्स केम फ्रॉम हिंजवडी" ऐसे एकच वाक्य. रावांचे मस्तकी तिडीक गेली. मग पत्नी मधुवंतीबाईंस पाचारून खलबत केले आणि प्रतिज्ञा केली, की कन्येस मराठ्यांच्या घोड्यांच्या टापांची भूमी दाखविल्याविना अन्न गोड लागणार नाही. बाईंनी तरी वाढले, आणि रावांनी दोनदा घेतले.

दुसरे दिवशी शेजारच्या घोषालबाई लिफ्टमध्ये भेटल्या. त्यांचे माहेर बंगाल्यातील बिष्णुपूर. गाव निवांत, भोवती भाजल्या मातीची पुरातन देवळे, आणि पूर्वी मराठ्यांची फौज तेथवर गेली होती, ऐसे त्यांणी सांगितले. पुढे काय जाहले ते आमची आई सांगेल, ऐसे म्हणोन किंचित हसल्याही. परंतु रावांस हसू दिसले नाही, फौज तेवढी दिसली. मग मॅनेजरसाहेबांकडून रजेचे फर्मान मिळवोन, आणि दशम्या, चिवडा व डासांचे मलम ऐसा सरंजाम बांधोन स्वारी चांगीहून कलकत्त्यास उडाली, आणि तेथोन रेल्वेने बिष्णुपुरी दाखल जाहली. वाटेभर रावांनी मराठ्यांचा पराक्रम सांगितला, आणि कन्येने कानात हेडफोन घालोन तो ऐकिला.

घोषालबाईंच्या मातोश्री, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हाती छत्री घेऊन बॅटरीच्या रिक्षात हरोळीस, म्हणजे सर्वांपुढे, बसल्या. मग रासमंच पाहिला, आणि श्यामरायाचे देऊळ पाहिले, आणि जोडबांगला नामे देऊळ पाहिले, भिंतींवर हत्ती, नावा, शिकारी इतके की माना वर करकरोन रावांची मान धरली, आणि कन्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, ऑल सेम-सेम लाह! वायफाय गॉट ऑर नॉट?" घाव वर्मी बसला, परंतु रावांनी रण सोडिले नाही.

अखेर दलमादल नामे अजस्र तोफेपाशी रिक्षा थांबली. राव छाती काढोन म्हणाले, "जाई, इथे आपले लोक आले होते!"

मातोश्रींनी छत्री मिटली. "तुम लोग बर्गी हो?"

बर्गी म्हणजे बंगाल्यात मराठा स्वार. राव मुजऱ्याच्या अपेक्षेने "जी हां" म्हणते जाहले.

"तो सुनो," म्हणोन मातोश्रींनी कथिले, की बर्गी आले ते लुटीस आले, आणि धानाची कोठारे जाळिली, आणि गावेच्या गावे रानात पळाली. मग बिष्णुपुरावर चालोन आले, तेव्हा देव मदनमोहन स्वहस्ते ही तोफ डागिता जाहला, आणि बर्गी जे पळाले त्यांणी मागे वळोन पाहिले नाही, ऐसे येथील लोक मानितात.

जाईने हेडफोन काढिला. "वेट. वुई लॉस्ट? अँड वुई वर द बॅड गाइज?"

राव बचावास सरसावले. ती फौज नागपूरकरांची, आम्ही पुण्याचे, ऐसा मोर्चा बांधावयास घेतला, तो पिछाडीहून मधुवंतीबाई म्हणाल्या, "इतिहासाच्या पुस्तकाचं पुढचं पान वाचलं नव्हतंत का हो?" मोर्चा जागीच ढासळला. कन्या एकटक पाहात होती. आजवर बापाच्या शब्दाची तिणे इतकी वाट पाहिली नव्हती. आता थाप मारावी तरी ती जन्मभर तिच्या ध्यानी राहील, हे रावांनी जाणिले. मग हात जोडोन मातोश्रींस म्हणाले, "माफ कीजिए, माँजी. गलती हुई हमसे."

मातोश्री तोंडास पदर लावोन खुदखुदा हसल्या. "इतने साल में कोई बोलने नहीं आया था! चलो, खाना खाओ." तह ऐसा ठरला, की बर्गींनी पानात काही टाकू नये. खसखशीची भाजी आली, आणि माशांचे कालवण आले, आणि मोतीचुराचे लाडू आले. चौथ्या लाडवास राव धारातीर्थी पडता पडता वाचले.

उन्हे कलता मदनमोहनाच्या देवळी गेले. जाईने मातोश्रींचा हात धरिला आणि "देन? फिर क्या हुआ?" ऐसे पुसत आत गेली, आणि मधुवंतीबाईही गेल्या. राव बाहेर तिघींचे जोडे राखीत राहिले. पावणेतीनशे वर्षांमागे जे बिष्णुपूर मराठ्यांस हस्तगत जाहले नाही, तेथील देवाचे दारी एक मराठा दिवस मावळेतो पहाऱ्यास उभा राहिला, आणि एकही चप्पल गमावली नाही. फत्ते ती हीच. रुजू असे.