टेरिलीनचा शर्ट आणि गर्गे सरांचा 'मस्ट'

"दिवाकर, गुन्हेगार इंग्रजीला घाबरतो. आणि नाशकात इंग्रजी मला घाबरतं!"

गर्गे सर स्वतःची ओळख अशी करून देत. संध्याकाळी ते शरणपूर रोडला इंग्रजी संभाषणाचा क्लास घेत आणि दिवसभर गुन्हे शोधत. गुन्हे आपणहून येत नसत, म्हणून सर लोकांच्या घरी जाऊन 'काही हरवलंय का?' असं विचारत. मी बी.ए. होऊन बेकार. क्लासची फी माफ होती, त्या बदल्यात फळा पुसायचो आणि सहायक म्हणून मिरवायचो.

एकोणऐंशीच्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली होती. एका सकाळी आमच्या कॉलनीतल्या चांदोरकरांचा नवा टेरिलीनचा शर्ट दोरीवरून नाहीसा झाला. चांदोरकर बँकेत अधिकारी. गळाबंद स्वेटरात कुडकुडत त्यांनी सरांकडे तक्रार केली.

सरांनी आधी दोरीचा वास घेतला. "वारा मे हॅव टेकन इट. म्हणजे, नेला असू शकतो."

"वारा नव्हता हो."

"मग माकड माइट हॅव. शक्यता जरा बारीक."

"चिमटे नीट काढून ठेवलेत."

"म्हणजे सुशिक्षित माकड!"

तळमजल्यावरच्या इंजिनिअरांच्या मुलाला शर्टांचा भारी शौक, हे मी सुचवून पाहिलं.

"कान्ट हॅव! शक्यच नाही. त्याच्या वडिलांकडे फियाट आहे."

फाटकाशी केरूची इस्त्रीची गाडी उभी असायची. केरू सायखेड्याचा. सरांनी गाडीकडे एकदाच पाहिलं. "मस्ट हॅव! यानेच नेला असणार!"

"पुरावा, सर?"

"पुरावा 'मे'ला लागतो, दिवाकर. 'मस्ट'ला फक्त आवाज लागतो."

आवाज सरांकडे होताच. कॉलनी गोळा झाली.

"शर्ट माझ्याकडं आलाच नाय, साहेब," केरू म्हणाला. "बघा की गाडीत."

बघितलं. कोळसे निघाले, कॉलनीच्याच साड्या आणि पँटी निघाल्या.

"सापडत नाही म्हणजे लपवलाय. मस्ट!"

सगळ्यांनी मिळून गाडी फाटकाबाहेर ढकलली. चांदोरकर सर्वांत पुढे. इस्त्री कलंडली, निखारे रस्त्यावर सांडले. केरू ते पत्र्यावर गोळा करू लागला. मी मदतीला वाकलो तर म्हणाला, "राहू द्या, भाजंल."

ढकलाढकलीत चांदोरकरांना घाम फुटला. त्यांनी स्वेटर काढला.

"अहो!" त्यांच्या पत्नी श्यामलाबाई गॅलरीतून ओरडल्या. "अंगात काय घातलंय?"

टेरिलीनचा शर्ट.

"थंडी होती," चांदोरकर पुटपुटले. "पहाटे अंधारात चिमटे काढून दोरीवरचा घेतला... आतून घातला वाटतं."

कॉलनीला एकदम घरची कामं आठवली. उरलो आम्ही चौघं.

"साहेब," केरू सरांना म्हणाला, "आता काय म्हनायचं ते मराठीत म्हना."

सरांनी घसा साफ केला. "देअर माइट हॅव बीन अ मिसअंडरस्टँडिंग."

केरूने गाडी समोरच्या कॉलनीकडे वळवली. चांदोरकर त्याच्या मागे धावले, "अरे, माझ्या पँटी?" केरूने त्या घडी करून त्यांच्या हातात दिल्या. इस्त्री झालेली होती.

परतताना मी म्हटलं, "सर, माफी मागायला हवी होती. शुड हॅव."

"'शुड' आपल्या अभ्यासक्रमात नाही," सर म्हणाले आणि झपाझप पुढे चालू लागले.