संसाराचा एकमताने ठरलेला अर्थ

एका शब्दाला एकापेक्षा जास्त अर्थ असणे ही गोष्ट देशाच्या प्रकृतीला मानवत नाही. माणसाला दोन नावे असली तर पोलीस चौकशी करतात, दोन बायका असल्या तर कोर्ट चौकशी करते. पण शब्द मात्र दर शंभर कोसांवर नवा अर्थ घेऊन उजळ माथ्याने हिंडतो आणि त्याला कोणी हटकत नाही. ही ढिलाई बंद व्हावी म्हणून दिल्लीत, लढाईच्या काळात गोऱ्या सोजिरांसाठी बांधलेल्या आणि पुढे पाडायला कोणाला सवडच न मिळालेल्या बराकींत, अखिल भारतीय समानशब्द प्रमाणन संस्था सुरू झाली.

संस्थेचे धोरण अतिशय उदार होते. प्रत्येक भाषेचा एक सदस्य; त्याने आपापला अर्थ घेऊन यायचा; आणि कोणाचाही अर्थ नाकारायचा नाही. (पहिल्या वर्षी एकाचा नाकारला होता. त्या प्रांतात एक बस जळली. बस दुसऱ्या खात्याची होती म्हणून निभावले.) सगळे अर्थ जसेच्या तसे ठेवून त्यांतून एकच अर्थ काढायचा, हे ऐकायला अवघड वाटते. पण संस्थेने ते करून दाखवले होते. 'उपन्यास' म्हणजे हिंदीत कादंबरी आणि तेलुगूत व्याख्यान. दोन्हींत माणसाला निम्म्यावर झोप लागते, हे समान सूत्र सापडले आणि शब्द प्रमाणित झाला. 'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण. इथे विद्यार्थ्यांच्या साक्षी काढल्या, तर मतभेद उरलाच नाही. प्रकरण चहाच्या आत निकालात निघाले.

अशा या संस्थेत चात्तुण्णी नावाचा लघुलेखक होता. केरळातल्या ओट्टप्पालमचा. कामाला वाघ, बोलायला त्याहून वाघ; पण दिल्लीत त्याचे ऐकून घेणारे कोणी नव्हते, कारण दिल्लीत प्रत्येक जण स्वतःच बोलत असतो. लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती. बायको कल्याणिक्कुट्टी गावाकडे इस्पितळात नर्स, हा इकडे संस्थेच्या वसतिगृहात. वर्षातून एकदा तो आगगाडीत बसून घरी जायचा. पहिले दोन दिवस दोघे एकमेकांना बुजायचे, मग तोंडे उघडायची, आणि गप्पांना रंग चढतोय तोच परतीची गाडी यायची. एरवी पोस्टातला ट्रंक कॉल. तिकडून ती ओरडायची, इकडून हा ओरडायचा, मधे नागपूरचा ऑपरेटर 'बोला, बोला' म्हणून ओरडायचा. त्या जोडप्याच्या संसारातली निम्मी वाक्ये त्या ऑपरेटरची होती.

त्या हिवाळ्यात कल्याणी फोनवर नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "एट्टा, मला कुवेतच्या इस्पितळातून बोलावणं आलंय. पगार चांगला आहे."

"मग मी काय करू?"

"घर करा. तुम्हाला तिथे क्वार्टर मिळालं तर मी दिल्लीला येते. दिल्लीत काय आजारी माणसं नाहीत? नाही मिळालं तर कुवेत. एप्रिलात विषूचा सण येतो, त्याच्या आत सांगा. इकडे एकटी राहायचं ते तिकडे राहीन, निदान पंखा तरी गार हवेचा असेल."

"बोला, बोला," नागपूर म्हणाले.

चात्तुण्णीने दुसऱ्या दिवशी अर्ज केला. क्वार्टरचा नियम साधा होता: 'जागेअभावी ज्या कर्मचाऱ्याचा संसार अडला असेल, त्यास निवासस्थान देण्यात येईल.' क्वार्टर रिकामे होते. त्यात अध्यक्षसाहेबांचा जुना कूलर, मोडक्या खुर्च्या आणि एक कुत्री पिलांसह राहत होती. आता यात अडचण काय, असे कोणालाही वाटेल. संस्थेबाहेरच्या कोणालाही.

अध्यक्ष डॉ. अवधबिहारी पाठक यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चात्तुण्णीजी, यात 'संसार' शब्द आहे."

"नियमातच आहे, साहेब."

"नियम जुना आहे. तेव्हा संस्था नव्हती. आता हा शब्द दहा-बारा भाषांत चालतो आणि आपल्याकडे तो प्रमाणित झालेला नाही. बिनप्रमाणित शब्दावर मी सही केली तर उद्या लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील, साहेब?"

"जे म्हणतील त्याचा अर्थ ज्या त्या भाषेत वेगळा असेल," पाठक म्हणाले, "तीच तर भानगड आहे." आणि त्यांनी शब्द समितीकडे पाठवला.

दिल्लीच्या हिवाळ्यात सरकार कचेरीत नसते, हिरवळीवर असते. उन्हात सतरंज्या पडतात, भुईमुगाच्या शेंगा येतात, विणकाम बाहेर येते आणि राष्ट्राचा कारभार टरफलांच्या ढिगाबरोबर वाढत जातो. समिती तिथेच बसली. चात्तुण्णी टिपणे घ्यायला शेजारी. स्वतःच्या फाशीची वेळ स्वतःच लिहून घेण्याचा मान सगळ्यांना मिळत नाही.

पाठक म्हणाले, हिंदीत संसार म्हणजे जग. बंगाली सदस्य म्हणाले, घरदार, मुलेबाळे, मासळी. संस्कृतचे शास्त्रीबुवा म्हणाले, जन्ममरणाचा फेरा, त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा, आणि तो लवकर सुटेल तितके बरे. (त्यांच्या सौभाग्यवती पलीकडे स्वेटर विणत होत्या. त्यांनी एक टाका सोडला.) मराठीचे प्रा. खांबेटे म्हणाले, "बाकीचं मला ठाऊक नाही. आमच्याकडे संसार म्हणजे भांडी. डबे, पातेली, स्टोव्ह, झाऱ्या. पुरात काय वाहून जातं? संसार वाहून जातो. उघड्यावर काय पडतं? संसार पडतो. तेव्हा मोजता येईल असं काही असल्याशिवाय मी सही करणार नाही." तमिळचे वरदाचारी बराच वेळ शेंगा सोलत होते. ते म्हणाले, "आमच्यात संसार म्हणजे बायको. माणसाची बायको. दुसरं काही नाही."

मल्याळमच्या सदस्याची खुर्ची रिकामी होती. नेमणूक झाल्याचे पत्र त्यांना गेले होते, पण त्या पत्रातल्या एका शब्दाचा अर्थ त्यांनी कळवायला सांगितला होता. तेव्हा पाठक म्हणाले, "चात्तुण्णीजी, तुम्हीच सांगा. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"बोलणं, साहेब."

"कसलं बोलणं?"

"नुसतं बोलणं. दोन माणसं बसून बोलतात ना, ते. आमच्याकडे त्यालाच संसार म्हणतात."

हिरवळीवर हशा पिकला. खांबेटे तर म्हणाले, "मग काय, आमच्या महिला मंडळात दर शनिवारी संसार होतो म्हणायचा!" पण अर्थ कोणाचाही नाकारायचा नव्हता. तो लिहिला गेला. चात्तुण्णीनेच लिहिला.

त्याला त्या दिवशी मनातून बरेच वाटले. एवढ्या अर्थांत एक अर्थ बायको होता, आणि त्याच्या खोलीत काय वाट्टेल ते होते, बायको नव्हती. म्हणजे संसार अडलेला. वरदाचारींच्या पाया पडावे असे त्याला वाटले.

आता नियमाप्रमाणे संसार अडला आहे की नाही हे पाहायला समिती वसतिगृहात आली. चात्तुण्णीची खोली तिघांत होती: तो स्वतः, लेखा शाखेतला निमाई घोषाल आणि टंकलेखक सारंगपाणी. समितीने चपला बाहेर काढल्या आणि गांभीर्याने आत शिरली.

जग होते. तीन प्रांतांची तीन माणसे, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्याच्यावर वाळत घातलेला लेंगा. पाठकांचा अर्थ सिद्ध झाला. घरदार होते, खिडकीत मासळी होती आणि दूध कोणी संपवले यावरून भांडण चालू होते, ते समिती आली तरी थांबले नाही. शास्त्रीबुवांनी विचारले, "रोज काय खाता?" सारंगपाणी म्हणाला, "उपमा." "आणि काल?" "उपमा." "आणि उद्या?" सारंगपाणीने नुसते आभाळाकडे बोट केले. फेरा सिद्ध झाला. खांबेट्यांनी बाह्या सरसावून भांडी काढली. स्टोव्ह, कुकर, चार पातेली, आणि एक झाकण, ज्याचे पातेले सापडेना. "अरे वा!" ते म्हणाले. "माझ्या धाकट्या भावाच्या घरी एवढं नाही, आणि त्याला तीन मुलं आहेत." बोलणे तर इतके होते की शेजारच्या खोलीची लेखी तक्रार आधीच आलेली होती.

उरली बायको. वरदाचारी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नाही." चात्तुण्णीने श्वास सोडला. एवढ्यात घोषाल भांडणातून मोकळा झाला आणि चात्तुण्णीकडे वळला.

"आणि तू रे? काल रात्री कुठे होतास? सांगून जायला काय होतं? भाजी आणतो म्हणालास, आणलीस? मी इथे मोहरी वाटून बसलोय. मला मेलीला... मला मेल्याला काय उद्योग नाही?"

वरदाचारी हळूच आत आले. त्यांनी घोषालला नीट न्याहाळले.

"हा रोज असं विचारतो?"

"रोज," सारंगपाणी म्हणाला. तो खरे बोलणारा मुलगा होता. त्याचे पुढे फार नुकसान झाले.

"रुसतो?"

"रविवारी."

"माहेरी जातो?"

"पूजेच्या दिवसांत. महिनाभर. पत्र पाठवल्याशिवाय येत नाही."

वरदाचारी समितीकडे वळले आणि अत्यंत सद्गदित होऊन म्हणाले, "माझी हरकत संपली."

घोषालने अर्थातच विरोध केला. चात्तुण्णीला तेवढा एकच आधार होता. "घोषालदा, ठाम राहा!" तो ओरडला. घोषाल ठाम राहिलाही; पण त्याचा मुद्दा वेगळा होता. "मी कायम नोकरीत आहे. हंगामी जागा मी घेणार नाही. आणि ज्येष्ठता जाता कामा नये." पाठकांनी त्याला बाजूला घेऊन आश्वासन दिले. कागदोपत्री नोंद झाली: श्री. निमाई घोषाल, पत्नी (पदसिद्ध). बदली झाल्यास त्या खाटेवर येणारा पुढील कर्मचारी ते पद सांभाळेल. घोषालची बढती त्याच महिन्यात झाली. त्यानंतर तो भाजीच्या बाबतीत अधिकच कडक झाला.

"साहेब," चात्तुण्णी म्हणाला, "माझी खरी बायको आहे. ओट्टप्पालमला. जिवंत आहे. तिच्याशी मला बोलायचंय."

"मग बोला ना! कोण नको म्हणतंय?" पाठक प्रेमाने म्हणाले. "पण संसार अडला, असं आता कसं म्हणता येईल? तुमच्याइतका सर्वांगपूर्ण संसार आम्ही आजवर पाहिला नाही. सगळ्या भाषांतून पास. एवढं भाग्य माझ्याही वाट्याला नाही." त्यांच्या घरी बहुधा नकाशा नसावा.

शब्द एकमताने प्रमाणित झाला. अर्ज निकाली निघाला. क्वार्टरमध्ये कुत्रीच्या नावाने काही कागद नव्हता, म्हणून तिला कोणी उठवू शकले नाही.

चात्तुण्णीने ट्रंक कॉल लावला आणि सगळे सांगितले. समिती, नकाशा, उपमा, घोषाल. सांगताना त्याला वाटले ती हसेल. ती हसणारी बाई होती. "बोला, बोला," नागपूर म्हणाले.

"मग तुमचं सगळं नीट चाललंय म्हणायचं," कल्याणी शेवटी म्हणाली.

"कल्याणी, ऐक तरी—"

"ऐकलं की. इतकी वर्षं तेच केलं. कुवेतला फोन महाग आहे म्हणतात, एट्टा. उगाच करत बसू नका. प्रकृतीला जपा. आणि त्यांना भाजी वेळेवर आणून देत जा."

विषूच्या आधीच ती कुवेतला गेली. चात्तुण्णी त्या दिवशी लोधी बागेत अंधार पडेपर्यंत बसून राहिला. मग उठला, वाटेत गाडीवरून भेंडी घेतली, आणि खोलीवर आला. घोषालने पिशवीत डोकावून पाहिले. "जून आहे," तो म्हणाला. चात्तुण्णी काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे शेजारच्या खोलीची तक्रार बंद झाली, याची संस्थेच्या वार्षिक अहवालात 'निवासी शिस्तीत सुधारणा' या मथळ्याखाली कौतुकाने नोंद आहे.

एवढे यश मिळाल्यावर संस्था बराकीत थोडीच बसणार? प्रमाणित अर्थानुसार देशभरातल्या संसारांची घरोघर तपासणी करायचे ठरले, आणि प्रा. खांबेटे यांच्या आग्रहावरून सुरुवात महाराष्ट्रापासून झाली. निकाल उत्साहवर्धक आहेत. भांड्यांत आपल्याला तोड नाही. काही घरांत तर संसार माळ्यावरही सापडला. घरदार आहे, जग टीव्हीवर आहे, फेरा सोमवार ते शनिवार व्यवस्थित चालू आहे, आणि बायको अथवा नवरा शंभरांतल्या बहुतेक घरांत प्रत्यक्ष हजर आढळला. अडले आहे ते फक्त मल्याळी कलमावर. तपासनीस संध्याकाळपासून निजानीज होईपर्यंत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात. सरासरी घरात त्यांच्या कानी पडते ते असे: "गॅस बंद केला?" "हं." हे संसारात धरायचे की सूचनांत, याविषयी दिल्लीचा खुलासा अजून आलेला नाही.

तपासणी आता तुमच्या गल्लीपर्यंत आली आहे. घाबरण्याचे कारण नाही, समिती कोणालाच नापास करत नाही; बोलणारे घरात कोणी नसेल तर पदसिद्ध नेमून देते. तुमच्याकडून फक्त एक माहिती हवी आहे: घरच्या माणसाशी निवांत बसून शेवटचे कधी बोललात? आठवत नसेल तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारून या. तेवढेच एक वाक्य तुमच्या खाती जमा होईल.